नाणे पारखावे कसे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत स्वयंपाक, आरोग्य किंवा मुलांचा अभ्यास यांवर बोलण्याचा आपला रिवाज आहे. या वेळी मात्र कार्यवाहबाईंनी मला नाण्यांवर बोलावयास सांगितले. त्यास कारणही तसेच आहे. मला शाळेत शिकवीत होते तेव्हापासून नाण्यांचा नाद आहे, हे आपणांस ठाऊक असल्यामुळे वर्षभरात कितीतरी जणी पदराच्या गाठीत नाणे बांधून माझ्या ओटीवर आल्या. प्रश्न सर्वांचा एकच, "बाई, हे लाखाचे आहे का हो?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्यापैकी एका सुनेला फोनवर कोणी सांगितले की, तिच्याजवळचे वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे लाखो रुपयांना विकले जाईल, फक्त आधी नोंदणीचे पैसे पाठवावे लागतील. तिने बचत गटाच्या हप्त्याचे पैसे पाठविले. ते गेले ते गेलेच. त्या मुलीचे नाव मी घेणार नाही आणि आपणही घेऊ नये. कारण फसविणाऱ्याने लाजावे, फसलेल्याने नव्हे. वैष्णोदेवीची ती नाणी सरकारने 2012 साली काढली व ती व्यवहारात आली. देवीचे चित्र आहे म्हणून आपण ती देव्हाऱ्यात ठेवावीत, त्यात वावगे काही नाही. पण तेवढ्याने त्यांस लाखाचे मोल येत नाही.

तेव्हा नाणे नेहमीचे कोणते, खास कोणते, चुकून वेगळे निपजलेले कोणते आणि कोणी मागाहून हात फिरविलेले कोणते, हे आज आपण पाहू. यासाठी मोठी विद्या लागत नाही. एक भिंग, सराफाचा काटा आणि थोडा धीर एवढे पुरे. ध्यानात एकच गोष्ट ठेवावयाची. नाण्यावर दिसणारी प्रत्येक खूण एक तर टाकसाळीत झालेली असते, नाही तर टाकसाळीबाहेर. ती कोठे झाली हे ओळखले की निम्मी पारख झाली.

आपली टाकसाळ काही फार दूर नाही. आसनगावला लोकल गाडीत बसून शेवटच्या स्टेशनावर उतरले की फोर्टात थोडे चालून गेल्यावर रिझर्व्ह बँकेसमोर मुंबईची टाकसाळ उभी आहे. 1824 ते 1830 या काळात कॅप्टन जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली ती बांधली गेली. नाणे पाडणे म्हणजे धातूची कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवून जोराने दाबणे. आपण करंजी साच्यात दाबतो तसेच हे समजा. साच्याची नक्षी जशी करंजीवर उठते, तशी ठशाची चकतीवर उठते.

आता खास नाण्याकडे वळू. त्यास प्रूफ नाणे म्हणतात. प्रूफ हे नाण्याचे वय नव्हे आणि दर्जाही नव्हे. ती नाणे घडविण्याची रीत आहे. त्यासाठी ठसा आरशासारखा घासतात, चकतीही निवडून चकचकीत करतात आणि नेहमीप्रमाणे एकच दाब न देता एकाहून अधिक वेळा दाबतात. त्यामुळे नाण्याची सपाट जमीन आरशासारखी होते, त्यात आपले तोंड दिसते. आणि वर उठलेले चित्र मात्र दह्याच्या सायीसारखे पांढुरके, बिनचकाकीचे राहते. अक्षरांच्या कडा अगदी रेखीव असतात. 1969 साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त नाणी निघाली, त्यांतील प्रूफ नाणी मुंबईत पाडली. त्यांवर सालाजवळ इंग्रजी 'बी' हे अक्षर आहे. शहराचे नाव मुंबई झाल्यावर पुढे 'एम' आले. नेहमीच्या मुंबईच्या नाण्यावर सालाखाली लहानसा चौकोनी ठिपका असतो, हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर गोल ठिपका आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नसते. प्रूफ नाणी टाकसाळ पेटीत घालून, वर छापलेल्या रकमेपेक्षा अधिक किमतीस विकते. ती दुकानात सुटे म्हणून कोणी देत नाही.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. बँकेच्या नव्या पुडक्यातील नाणेही लखलखते. ते प्रूफ नव्हे. त्याची चकाकी जमिनीवर आणि चित्रावर सारखीच असते आणि इतर नाण्यांवर आपटल्याच्या बारीक खुणाही दिसतात. दुसरा घोटाळा आपल्याच घरातला. दिवाळीला लक्ष्मीपूजनासाठी आपण नाणी चिंच आणि रांगोळीने घासतो. घासलेले नाणे चकाकते खरे, पण भिंगातून पाहिले तर त्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे असते आणि अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतात. घासून प्रूफ नाणे होत नाही. उलट जुन्या नाण्याचे मोल मात्र घासून कमी होते. म्हणून जुने नाणे साध्या पाण्याने धुवून टिपून ठेवा, त्याला रांगोळी लावू नका. कमळाच्या पिवळ्या वीस पैशांत सोने आहे अशीही एक समजूत आहे. ते नाणे तांबे, अ‍ॅल्युमिनियम आणि निकेल यांच्या मिश्रणाचे आहे. सोन्याचा त्यात अंशही नाही.

टाकसाळीत चुकूनही वेगळे नाणे निपजते. कधी चकती सरकते आणि चित्र अर्धेच उठते. कधी आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर त्याचीच उलटी, खोलगट प्रतिमा उमटते. कधी चकती कापतानाच तिची कड चंद्रकोरीसारखी जाते. अशी नाणी खरी असतात आणि संग्रहकर्ते त्यांस किंमतही देतात. पण त्यांची नक्कलही होते. कड गेलेले नाणे हाती आले तर त्याच्या बरोबर समोरची कड पाहा. टाकसाळीतील चूक असेल तर समोरची उंच किनार पुष्कळदा फिकी असते, कारण दाबाच्या वेळी तिथला धातू पुरता उठत नाही. समोरची किनार पूर्ण आणि तुटल्या जागी कानशीचे ओरखडे असतील, तर ते बाहेर कापले आहे असे समजावे. दोन्ही बाजूंस एकच चित्र आणि दोन्हीही उठावाचे असेल, तर बहुधा दोन नाणी कोरून एकमेकांत बसविलेली असतात. किनारीच्या आतल्या बाजूस सांधा शोधावा आणि नाणे फरशीवर हळूच टाकून ऐकावे. अखंड नाणे खणखणते, जोडलेले भद्द वाजते.

आता आपल्या भागात सर्वांत महत्त्वाचा विषय, म्हणजे गळ्यातले आणि पेटीतले जुने रुपये. आपल्या ठाकूर-कातकरी वस्त्यांवर आजीच्या गळ्यातील रुपयांची माळ अजून दिसते. इंग्रजी राजवटीतील चांदीचा रुपया बरोबर एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम वजनाचा होता. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे 10.7 ग्रॅम. 1940 पासून लढाईच्या दिवसांत चांदी निम्मी केली. वजन तेच, पण चांदी 5.83 ग्रॅम. आणि 1947 चा वाघाचा रुपया निव्वळ निकेलचा. त्यास लोहचुंबक लावा, चटकन चिकटेल. चांदीला चुंबक ओढत नाही. मात्र चिकटले नाही म्हणजे चांदीच, असे म्हणू नका; त्यासाठी काटाच पाहिजे.

एका पाड्यावरील म्हातारीच्या माळेत बारा रुपये होते. फेरीवाल्याने "सगळे गिलटाचे आहेत" म्हणून सरसकट नगावर भाव सांगितला. तिच्या नातीने साल वाचले. सात रुपये राणी व्हिक्टोरियापासून पंचम जॉर्जपर्यंतचे, चार 1940 नंतरचे आणि एकच वाघाचा निघाला. झीज सोडली तर जवळजवळ 98 ग्रॅम चांदी त्या गळ्यात होती! भगिनींनो, साल वाचता येणे एवढ्यावर त्या म्हातारीचे म्हातारपण तरले. कडी लावलेल्या रुपयाला संग्रहकर्ता कमी किंमत देतो हे खरे, पण म्हणून चांदी कोठे जात नाही.

जुने ते दुर्मिळ असेही समजू नये. 1862 सालाचा रुपया पुढे पुष्कळ वर्षे तोच आकडा ठेवून पाडला गेला, म्हणून तो जागोजाग सापडतो. उलट 1911 च्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गंमत पाहा. राजाच्या अंगावरील साखळीत कोरलेला लहानसा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला, बोभाटा झाला, नाणी परत घेऊन पुष्कळशी वितळविली आणि पुढल्या साली हत्ती नीट कोरला. तो 'पिग रुपया' वेगळा आहे आणि खराही आहे. तसाच सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया फार दुर्मिळ. म्हणूनच लबाड लोक 1938 च्या रुपयातील आठाचा आकडा कोरून नऊ करतात. भिंगाने शेवटचा आकडा पाहावा. तो शेजारच्या नवापेक्षा बारीक किंवा खोल दिसला, भोवतालची जमीन खरवडलेली दिसली, की हात आखडता घ्यावा.

काही नाणी तर टाकसाळीने कधी पाडलीच नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीचे 1818 चे म्हणून रामदरबाराचे तांब्याचे नाणे दाखवितात. कंपनीने असे नाणे काढले नव्हते. त्या मागाहून केलेल्या मुद्रा आहेत. आणि तांदूळ ओढणारे तांब्याचे नाणे किंवा भांडे कोणी दाखविले, तर भाताच्या मुलखातल्या आपण बायकांनी तरी फसू नये! तांदळात लोखंड मिसळल्यावाचून तो कोणाकडे ओढला जात नाही.

शेवटी तीन गोष्टी सांगते. पहिली, विकणाऱ्याने पैसे घ्यावयाचे असतात, द्यावयाचे नसतात. नाणे विकण्यासाठी कोणी आधी पैसे मागितले की तेथेच बोलणे थांबवा. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, कसलीही फी घेत नाही आणि आपल्या नावाने ती घेण्यास तिने कोणासही नेमलेले नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या क्रमांकावर कळवा. दुसरी, चांदीचा रुपया नगावर विकू नका; सालाप्रमाणे वेगळे करा, डोळ्यांसमोर वजन करून घ्या आणि दोन सराफांना विचारा. तिसरी, दारात आलेल्यास त्याच दिवशी उत्तर देऊ नका. खरे नाणे उद्याही खरेच राहते.

मंडळाच्या कपाटात आजपासून एक भिंग आणि एक लोहचुंबक ठेवण्याचे कार्यवाहबाईंनी मान्य केले आहे. ज्यांना साल वाचता येते त्यांनी शेजारणीला वाचून दाखवावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.