मृत्युपत्र ताजं ठेवा



पीककर्ज काढताना आपण ताजा सातबारा नेतो. जुना बँक घेत नाही. मृत्युपत्र मात्र एकदा केलं की ट्रंकेत पडून राहतं. मधल्या काळात गट विकला जातो, नातवंडं होतात, थोरला मुलगा आधी जातो, त्याची बायको-लेकरं मागं राहतात. कागदाला यातलं काहीच ठाऊक नसतं. मग तेराव्यानंतर भावाभावांत कोर्ट लागतं आणि कापसाचा पैसा वकिलाकडे जातो.

१९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे, शुद्धीवर असेपर्यंत मृत्युपत्र हवं तितक्या वेळा बदलता येतं; शेवटचं ते खरं. जुन्या कागदावर खाडाखोड करू नये. नवा लिहावा, तारीख घालावी, आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द असं स्पष्ट म्हणावं. दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा करावा; साक्षीदार हिस्सा न मिळणारे असावेत. स्टॅम्प लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

देता येतो तो फक्त आपला हिस्सा. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीनं मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. त्याआधी सगळं रान पोरांच्या नावे लिहिलं असेल, तर तो कागद पुन्हा वाचलाच पाहिजे. आणि जिनं जन्मभर निंदण-वेचणी केली, त्या घरधनिणीचं नाव त्यात आहे का?

दिवाळीला लेकी माहेरी येतील. तेव्हा ट्रंक उघडू, कागद सातबाराशी ताडून पाहू. आपल्यामागं घर एक राहावं, एवढंच मागणं.