अदृश्य नुकसानीची मोजदाद

गारपीट झाली म्हणजे तलाठी पंचनामा करतो. परंतु हवेतील ओझोनने गव्हाच्या ओंबीतून जे हिरावून नेले, त्याचा पंचनामा कोणी करावा? मोटारींच्या व वीजकेंद्रांच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि हायड्रोकार्बनांची वाफ उन्हात एकत्र आली, की जमिनीलगत हा वायू तयार होतो. पर्णरंध्रांतून तो पानात शिरतो. पान अकाली पिवळे पडते, दाणा बारीक राहतो. शेत मात्र उभेच दिसते, आणि कमी उताऱ्याचा दोष पाण्याला, बियाण्याला, नाहीतर दैवाला दिला जातो.

पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१४ साली एक अंदाज प्रसिद्ध केला. २००५ साली देशात ओझोनमुळे ३५ लाख टन गहू व २१ लाख टन तांदूळ बुडाला. दोन्हींत अधिक-उणे ८ लाख टन. वाचणाराची दृष्टी पहिल्या आकड्यावर स्थिरावते. वस्तुतः दुसरा आकडा असे सांगतो की, तांदळाचे नुकसान १३ लाख टन असेल किंवा २९ लाखही असेल.

एवढी तफावत का पडावी? एक प्रचलित मापन असे आहे: पिकाच्या तीन महिन्यांत, दिवसाउजेडी, दर तासाला ओझोन ४० अब्जांशांच्या वर जितका असेल तितकाच मोजायचा व बेरीज करायची. समजा, हवेत ४५ अब्जांश ओझोन आहे. जमेस धरायचे ते ५. गणितात अवघी दहा टक्के चूक झाली व ४९.५ आले, तर जमेस ९.५ पडतात, जवळजवळ दुप्पट! उलट ४०.५ आले, तर उरतो अर्धा. हवेतील लहान चूक पिकाच्या हिशेबात अशी फुगते. २००० सालच्या जगातील गव्हाची हानी एकाच अभ्यासात ३.९ ते १५ टक्के निघाली, ती केवळ मापन बदलल्यामुळे.

आणखी एक चूक अधिक चिवट आहे. पीककापणीच्या प्रयोगांत तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न वाढीव दिसते, हे पां. वा. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात दाखविले. दोरीवरचे रोप आत की बाहेर, असा प्रश्न पडला की मोजणारा ते आतच घेतो! असे तुकडे हजार केले तरी ही चूक घटत नाही. परदेशी गव्हावरून बांधलेले सूत्र येथील वाणांना लावण्यातील चूकही याच जातीची. अधिक-उणे हे चिन्ह, जे हिशेबात धरले त्याचेच माप देते. २००९ साली आशियातील प्रयोगांची उत्तर अमेरिकेतील सूत्रांशी तुलना झाली, तेव्हा आशियातील गहू व भात ओझोनला अधिक हळवे ठरले. म्हणजे ती सूत्रे येथील नुकसान कमीच दाखवीत होती.