पहिल्या बाळाचा कागद

प्लेटलेट हा शब्द डेंग्यूनं घराघरांत नेला. ‘पेशी कमी झाल्या’ म्हटलं की पपईच्या पानांची शोधाशोध सुरू होते. पण काही बाळांचा हा आकडा जन्मतःच घसरलेला असतो. बाळ छान रडतं, दूध पितं. फक्त पोटावर, मांड्यांवर बारीक लाल ठिपके. रक्त तपासलं तर दीड लाखाच्या जागी २०,०००. आईचा आकडा मात्र उत्तम, म्हणून आधी कुणाला सुगावाच लागत नाही.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आई वारेतून बाळाला प्रतिपिंडांची शिदोरी देते. गोवरासारख्या रोगांपासून बाळाचं सुरुवातीचं रक्षण तीच करते. क्वचित, साधारण हजार जन्मांत एकदा, त्या शिदोरीत नको ते गाठोडं जातं. बाळाच्या प्लेटलेटवर वडिलांकडून आलेली एखादी खूण असते. आईकडे ती नसते, म्हणून तिचं शरीर त्या खुणेविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. युरोपीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात फरक केवढा? एका प्रथिनाच्या ३३व्या जागी ल्युसीन की प्रोलीन, एवढाच! ‘काय खाल्लंस गं?’ असं त्या माउलीला विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आरएच रक्तगट न जुळण्याच्या भानगडीत पहिलं बाळ बहुधा सुटतं. इथं पहिलंही सापडतं. मोठी भीती मेंदूतल्या रक्तस्रावाची, आणि तो पुष्कळदा जन्माआधीच झालेला असतो.

उपाय आहेत. प्लेटलेट चढवतात, इम्युनोग्लोब्युलिन देतात. इथं पपई चालत नाही. काही आठवड्यांत ती शिदोरी सरते, आकडा आपोआप वर येतो, घरात पेढे वाटले जातात आणि डिस्चार्ज कार्ड फडताळात अंथरलं जातं! रेशनकार्ड मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत.

आकडा सुधारला तरी आईच्या रक्तातली ती ओळख पुसली जात नाही. दुसऱ्या बाळानंही तीच खूण आणली, तर त्रास बहुधा लवकर आणि जास्त होतो. आधी ठाऊक असेल, तर गरोदरपणातच आईला दर आठवड्याला इम्युनोग्लोब्युलिन देता येतं. ठाऊक कशावरून होणार? त्या कागदावरून.

तेव्हा पुन्हा तेच: सर्वांत कमी आकडा किती, तो कितव्या दिवशी, डोक्याच्या सोनोग्राफीत काय दिसलं, आईवडिलांच्या रक्ताची तपासणी झाली का, हे सगळं लिहिलेला कागद जपावा. आणि पुढच्या खेपेला दवाखान्यात नाव घालतानाच, पहिल्या भेटीत, तो डॉक्टरांपुढे ठेवावा.