हौशी चित्रकाराचे हास्य

विनोदी चित्र काढणे हा एक उद्योग आहे, आणि ते चारचौघांच्या हाती पोहोचविणे हा अगदी निराळा उद्योग आहे. पहिल्यास टाक आणि शाई पुरते; दुसऱ्यास छापखाना, संपादकाची मर्जी आणि गाठीस पैसा लागतो. यांपैकी काहीच ज्याच्यापाशी नाही, त्या हौशी माणसाचा विनोद बहुधा वहीच्या शेवटच्या पानावरच राहतो.

२४ सप्टेंबर १९९३ रोजी डेव्हिड फार्ले या अमेरिकन गृहस्थाने या अडचणीतून वाट काढली. ‘डॉक्टर फन’ नावाचे एका चौकटीचे रंगीत हास्यचित्र त्याने संगणकांच्या जाळ्यावर ठेवण्यास प्रारंभ केला. आंतरजालावर नेमाने निघणाऱ्या अगदी पहिल्या चित्रमालांत तिची गणना होते. ना संपादक, ना वर्गणी! ऊटपटांग कल्पना सुचावी आणि ती जगाने पाहावी, एवढाच व्यवहार. तो २००६ पर्यंत चालला. हिंदुस्थानात सामान्य ग्राहकांस आंतरजाल खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे ही माला जवळजवळ दोन वर्षांची झाल्यावर.

यात यंत्र नवे होते हे खरे. परंतु स्वतःचे पान स्वतःच निर्माण करावे आणि त्यावर आपल्या हौसेचे हास्यचित्र काढावे, ही युक्ती महाराष्ट्राच्या ओळखीची आहे. तिच्यासाठी औंध संस्थानातील एका माळरानाकडे वळले पाहिजे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली या माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला व तेथे किर्लोस्करवाडी वसली. त्यांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी पंडित सातवळेकर यांच्याजवळ चित्रकलेचे धडे घेतले होते. परंतु कारखान्यात त्यांच्या वाट्याला आले ते जाहिरातीचे काम. १९२० च्या जानेवारीत त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले. हेतू सरळ होता: कारखान्याची खबर गिऱ्हाइकांस कळावी. पण चित्रकाराच्या हाती कोरे पान आले म्हणजे तो केवळ नांगराचे भाव छापून कसा स्वस्थ बसेल? शंकररावांची व्यंगचित्रे त्या पानांत डोकावू लागली. १९२९ साली ‘खबर’ हा शब्द गळून मासिक नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही भावंडे आली आणि जाहिरातीच्या पत्रकातून सुशिक्षित मराठी घरांचे वाचन निर्माण झाले.

त्यांच्या व्यंगचित्रांच्या संग्रहाचे ‘टाकांच्या फेकी’ हे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. त्या काळी रेघांचे चित्र छापावयाचे म्हणजे त्याचा जस्ताच्या पत्र्यावर ठसा करावा लागे. तेजाब पांढरा भाग खाऊन टाकी आणि रेघा तेवढ्या उंच उरत. रेघ एक तर आहे, नाही तर नाही. मधल्या छटांचा आसरा नाही. म्हणून एका फेकीत नाकाचा तोरा किंवा पगडीचा दिमाख दाखविता आला पाहिजे. व्यंगचित्राचा विनोद हा असा काटकसरीचा विनोद असतो. कल्पना करावी, की एक गृहस्थ व्यासपीठावरून हुंड्याचा निषेध करीत आहेत आणि त्यांच्याच कोटाच्या खिशातून मुलाच्या लग्नाच्या देण्याघेण्याची यादी डोकावते आहे. येथे शब्दाची गरजच काय? वाचक प्रथम हसतो, आणि मग आपला खिसा चाचपून पाहतो.

शंकररावांच्या चित्रांचा रोख असाच रूढींवर आणि भोळ्या समजुतींवर असे. यातील धोका ध्यानात घेतला पाहिजे. हे मासिक कारखान्याचे होते. ज्याला नांगर विकावयाचा, तोच पुष्कळदा जुन्या वळणाचा. आणि त्याच्याच घरच्या रूढींची थट्टा करावयाची! सावध व्यापाऱ्याने असे पान खचितच कोरे ठेवले असते. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंधही याच मासिकातून वाचकांपुढे आले. परंतु निबंध वाचावयास सवड लागते, चित्राला एक दृष्टिक्षेप पुरतो. म्हणून त्याचा राग येण्यासही वेळ लागत नाही. तो राग अंगावर घ्यावयास चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराचे नाव होते.

आज छापखाना प्रत्येकाच्या खिशात आला आहे. देवनारच्या एखाद्या वसाहतीतील शाळकरी मुलाने रात्री काढलेले चित्र सकाळी साता समुद्रांपलीकडे हसू उमटवू शकते. संपादक गेला हे एका परीने बरेच झाले. पण त्याच्याबरोबर लाजही गेली, तर मात्र हानी मोठी. निनावी राहून दुबळ्याची नक्कल करणे अगदी सोपे असते आणि त्यालाही लोक हसतात. शंकररावांनी थट्टा केली ती आपल्याच समाजाची, आपल्याच गिऱ्हाइकांदेखत आणि आपल्या सहीनिशी. फार्लेनेही आपले नाव लपविले नाही.

तेव्हा घरातील मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर मास्तरांचे चित्र काढले, तर पालकांनी वही हिसकावून घेऊ नये. चित्राखाली नाव घालावयास त्यास सांगावे. नाव घालताना त्याचा हात अडखळला, तर चित्रात काय चुकले हे त्याचे त्यालाच कळेल. आणि नाही अडखळला, तर ते चित्र मास्तरांनाही दाखवावयास हरकत नाही.