माजघरातलं वायफाय कोठ्यापर्यंत कसं न्यावं?

महाडीबीटीवर तुषार संचाचा अर्ज, सातबारा, वाशिम-कारंजाच्या बाजारातला सोयाबीनचा भाव, ही सारी कामं आता मोबाईलवर आली आहेत. बऱ्याच घरी वायफायचा राऊटरही आला आहे. पण राऊटर माजघरात आणि आपण ओसरीवर किंवा कोठ्यात! अर्जाची शेवटची तारीख असते, ओटीपी येतो, पण पान पुढे सरकेपर्यंत त्याची मुदत संपते. अर्ज राहिला की अनुदानही राहिलं.

असं का होतं? वायफायच्या लहरी जाड मातीच्या आणि विटांच्या भिंतीत जिरतात. टिनपत्र्यावर तर त्या आपटून मागे फिरतात. अशा वेळी एक्स्टेंडर नावाची छोटी पेटी उपयोगी पडते. ती राऊटरच्या लहरी पकडते आणि पुन्हा पुढे सोडते.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. एक्स्टेंडर नवीन इंटरनेट तयार करत नाही. विहिरीलाच पाणी नसेल तर पाइप वाढवून काय उपयोग? म्हणून आधी राऊटरजवळ उभं राहून पाहा. तिथंच नेट संथ असेल, तर दोष कनेक्शनचा आहे. एक्स्टेंडरवर पैसे घालू नका.

दुसरी गोष्ट वेगाची. एकच गडी घमेलं घेतो आणि तोच पुढे देतो, तेव्हा काम निम्म्यावर येतं. साध्या एक्स्टेंडरचंही तसंच आहे. दोन पट्ट्यांचा, म्हणजे ड्युअल बँड एक्स्टेंडर एका पट्टीवर घेऊन दुसऱ्या पट्टीवर देऊ शकतो, म्हणून तो बरा. यातली २.४ गिगाहर्ट्झची पट्टी लांब जाते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते, पण भिंतीला लवकर थकते.

जोडणी अशी करा :

१. प्रथम एक्स्टेंडर राऊटरच्याच खोलीत लावा. दोन्हींवर डब्ल्यूपीएस बटण असेल तर आधी राऊटरचं दाबा आणि दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरचं दाबा. बटण नसेल तर पेटीसोबतच्या कागदाप्रमाणे मोबाईलवरून राऊटरचं नाव व पासवर्ड भरा. कंपनी वेगळी असली तरी बहुधा अडत नाही.

२. जोडणी झाली की पेटी काढून राऊटर आणि कोठा यांच्या साधारण मध्यावर लावा. पुष्कळजण ती थेट कोठ्यात लावतात. जिथं लहरी पोचतच नाहीत, तिथं ती पुढे काय देणार? मोबाईलवर वायफायच्या दोन-तीन रेघा दिसतील ती जागा योग्य.

३. पेटी डोक्याच्या उंचीवर ठेवा. लोखंडी कपाट, टिनपत्रा आणि कुटाराची धूळ यांपासून दूर ठेवा.

४. राऊटर इन्व्हर्टरवर आणि एक्स्टेंडर साध्या बोर्डावर असेल, तर लाईन गेल्यावर कोठ्यात नेट बंद. दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. विजा कडाडू लागण्याआधीच दोन्हींचे प्लग काढा.

कोठा दूर असेल किंवा मध्ये पत्र्याची भिंत असेल, तर लॅनची तार टाकणं उत्तम. ही तार १०० मीटरपर्यंत चालते. तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट किंवा ती सोय असलेला जुना राऊटर जोडला, की वेग निम्मा होत नाही. तार मात्र उघड्यावर टिकणारी घ्या आणि पाइपातून न्या.

शेवटी, एक्स्टेंडर घरापुरता आहे. शिवारात तो पोचणार नाही. ई-पीक पाहणी तर शेतात उभं राहूनच करायची असते, तिथं एक्स्टेंडर कामाचा नाही. आणि अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. त्या दिवशी सगळ्यांचीच गर्दी होते, तिथं आपली पेटी काही करू शकत नाही.