एकाच नावाचे दोघे भाऊ

कुलवृत्तांतासाठी वंशावळ उतरविताना एकाच पित्याखाली तेच नाव दोनदा आढळले. लेखनिकाचा प्रमाद समजून आम्ही एक नाव खोडणार होतो. तेवढ्यात बेथोव्हेनचे स्मरण झाले.

जर्मनीतील बॉन येथे १७६९ च्या एप्रिलात बाप्तिस्मा झालेला लुडविग सहा दिवसांतच गेला. १७७० मध्ये झालेल्या पुढच्या मुलालाही आजोबांचे तेच नाव ठेवले. आजोबांचे नाव घरात नांदावे, ही ओढ आपल्याला का परकी आहे? हा धाकटा थोर संगीतकार झाला. १८१० मध्ये त्याने बाप्तिस्म्याचा दाखला मागविला, तोही आपल्याआधी एक लुडविग होऊन गेला असे बजावून. दाखला बिनचूक आला. परंतु आपला जन्म १७७२ चा समजणाऱ्या त्याने तो मृत भावाचाच मानला!

आम्ही दोन्ही नावे ठेवली आहेत. थोरल्याचे जन्मवर्ष कोणा आप्ताच्या जुन्या टिपणात असल्यास अवश्य कळवावे.