एका घरात तीन पास

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



परदेशी राहून आलेल्या बाईला लोक दोनच गोष्टी विचारतात : तिकडे स्वच्छता किती आणि पगार किती. मी आज तिसरीच गोष्ट सांगणार आहे. तिथे मी कोणाच्या कागदावर जगत होते?

२०१८ साली माझ्या नवऱ्याला सिंगापूरला नोकरी मिळाली. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, इथल्या वस्त्यांमधून सात वर्षं काम केलेली. लग्न करतानाच आम्ही घरकाम वाटून घ्यायचं ठरवलं होतं आणि बऱ्यापैकी पाळतही होतो. तिथे पोचल्यावर मात्र सरकारनेच आमची वाटणी केली. त्याला 'एम्प्लॉयमेंट पास', मला 'डिपेंडंट्स पास'. म्हणजे आश्रिताचा. नवऱ्याचा पगार महिना किमान ६,००० सिंगापूर डॉलर असेल तरच बायकोला तो मिळतो. त्याची नोकरी गेली की तिचा राहण्याचा हक्कही गेला.

सुरुवातीला निदान नोकरी करता येत होती. मालकाने अर्ज केला की संमतीपत्र मिळे. एका छोट्या संस्थेत मी वृद्धांसाठी काम करू लागले. मुलगी तीन वर्षांची, नवरा रात्री आठला घरी येणार. मग आमच्या घरात तिसरा पास आला, 'वर्क परमिट'. जावा बेटावरची, माझ्याच वयाची बाई. मी तिला 'म्बाक' म्हणे. त्यांच्याकडे ताईला तसं म्हणतात. ती मला मॅडमच म्हणायची.

म्बाकचा पगार ६०० डॉलर. तिला ठेवल्याबद्दल आम्ही सरकारला दरमहा ३०० डॉलर लेव्ही भरत होतो. शिवाय ५,००० डॉलरची हमी. बाई पळून गेली तर ती जप्त होऊ शकते. म्हणून काही घरांत मोलकरणीला रविवारीसुद्धा बाहेर सोडत नाहीत. दर सहा महिन्यांनी तिची वैद्यकीय तपासणी होते, त्यात दिवस गेले आहेत का तेही पाहतात. गेले असतील तर सहसा मायदेशी पाठवणी. माझी मुलगी माझ्याजवळ होती. म्बाकचा मुलगा गावी आजीकडे, कारण वर्क परमिटवर कुटुंब आणता येत नाही.

२०१३पासून तिथे घरकामगारांना आठवड्याची सुट्टी कायद्याने आहे. पण तेव्हा सुट्टीऐवजी पैसे दिले तरी चाले. आम्ही महिन्याचे दोन रविवार सुट्टी दिली, उरलेल्या रविवारांचे पैसे. ती 'हो' म्हणाली. इथे मोर्चात घोषणा देणाऱ्या मला तेव्हा प्रश्न पडला नाही की, ती 'नाही' म्हणू शकली असती का?

१ मे २०२१पासून नियम बदलला. आश्रित बायकांना नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास आवश्यक झाला. एम्प्लॉयमेंट पाससाठी तेव्हा निदान ४,५०० डॉलर पगार लागे. समाजकार्यात मला तेवढा कोण देणार? खालच्या पासला संस्थेचा परदेशी माणसांचा कोटा आड आला. संमतीपत्राची मुदत संपली आणि मी घरी बसले.

नवरा म्हणाला, "आता तू घरीच आहेस, मग बाई कशाला?" तो वाईट माणूस नाही. पण आमची समान वाटणी किती मोडली होती, ते या एका वाक्यात कळलं. ते कळूनही म्बाकला जायला मीच सांगितलं. तिने दुसरं घर शोधलं. मुलीच्या कपड्यांच्या घड्या करून ठेवल्या आणि बॅग उचलून गेली. माझी नोकरी गेली तेव्हा डोक्यावर छप्पर तरी होतं. तिची नोकरी आणि छप्पर एकदमच गेलं.

२०२२ साली आम्ही परतलो. २०२३पासून तिथे महिन्यातली निदान एक सुट्टी पैसे देऊन काढून घेता येत नाही. उशिरा का होईना, एवढं झालं.

आणि आपल्याकडे? महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे. पण इथे बसलेल्यांपैकी किती जणींच्या घरी येणाऱ्या बाईला आठवड्याची हक्काची, पगारी सुट्टी आहे? बायकांना आश्रित कोण ठरवतं, हे आपण विचारत आलो आहोत, पुढेही विचारू. पण आपल्या घरात कोण कोणत्या अटींवर राबतं, हे विचारायला सरकार बदलायची वाट पाहावी लागत नाही. ते आज घरी गेल्यावरही विचारता येईल.